पाटी

टॅमसिनच्या शेडमध्ये पाटीचा दगड येतो
डेलबोलच्या खाणीतून. निळसर, भिजला की काळा.
तोच दगड, ज्याच्यावर आपण बाराखडी गिरवली
आणि चुकलं की थुंकी लावून बाहीने पुसलं.
इथे तशी सोय नाही.
अक्षर छिन्नीने आत जातं
आणि चुकलं तर दीडशे वर्षं
कॉर्नवॉलच्या वाऱ्यात चुकलेलंच उभं राहतं.

दाराशी पायरी म्हणून एक दगड पालथा घातलाय.
तो तिच्या वडिलांनी अंगात ताप असताना कोरला,
आणि 'शांतीत विसाव'च्या जागी
'तुकड्यात विसाव' झालं.
पीस आणि पीस, कानाला फरक नाही.
माझ्या लिपीत तर डोळ्यालाही नाही;
उलट पक्ष्याचं एक तिसरं पीस
उगाच मध्ये तरंगत येतं.
मृताचा भाऊ बराच वेळ दगडाकडे बघत राहिला.
सुरुंगात गेला होता तो.
म्हणाला, तसं पाहिलं तर चूक नाही,
पण आई वाचेल.

डेन्झिल पेनगेली मंगळवारी आला.
भरती-ओहोटीच्या जुन्या तक्त्यामागे
पेन्सिलीने मजकूर लिहून आणलेला:
हिअर लेज लोवेना.
टॅमसिनने चष्मा वर केला.
इथे 'लाइज' हवं, म्हणाली, सगळेच चुकतात.
लाइज म्हणजे निजली आहे,
लेज म्हणजे निजवते, ठेवते.
त्याला पुढे कर्म लागतं. काय ठेवते ते सांगावं लागतं.

डेन्झिलने टोपी काढली नव्हती.
लाइज म्हणजे खोटं बोलते.

तेही होतं. पण तो शब्द वेगळा.

लिहितात कसा?

असाच.

मग रस्त्याने जाणाऱ्याला कसं कळणार कुठला?
एक्केचाळीस वर्षं, बाई. एकदाही नाही.
मी केलेल्या सूपबद्दलसुद्धा नाही.
तो शब्द तिच्या उशाशी मी ठेवू देणार नाही.

कोपऱ्यात पोऱ्या दगड घासत होता, तो थांबला.
टॅमसिनने तीस वर्षांत हजारेक दगडांवर
'लाइज' कोरलं असेल.
तिने खिडकीतून बाहेर पाहिलं,
ओळीने उभे असलेले, अजून नाव नसलेले दगड.

बरं, म्हणाली. लेज. पण काय?
काय ठेवायची ती?

डेन्झिल बाकावर बसला.
टेबल मांडायची, म्हणाला.
मी समुद्रावर असलो तरी दोघांचं.
पहाटे शेगडीत लाकडं रचायची, पेटवायची नाही,
मी आलो की मी पेटवायचो.
आणि वादळातून आलो तर पाठीवर हात ठेवायची.
असा. पालथा.
विचारायची काही नाही.

त्याच्या भाषेत हे सगळं एकाच क्रियापदात बसलं.
मला तीन लागली: मांडणं, रचणं, ठेवणं;
तरी तो पालथा हात नीट उतरला नाही.
पण एक आमच्याकडे आहे:
क्रियापद ज्याच्यासाठी अडून बसतं ते कर्म,
आणि माणूस मागे ठेवून जातो तेही कर्मच.
हे टॅमसिनला सांगायला मी तिथे नव्हते.
असते तरी कुठल्या शब्दांत सांगणार होते?

दगड जूनमध्ये लागला.
'हिअर' नाही. लाइज नाही, लेजही नाही.
लोवेना पेनगेली, दोन सालं,
आणि खाली, जरा लहान अक्षरांत:
हिने टेबल मांडलं.

चर्चमधून फोन आला,
वाक्य अपुरं राहिलंय का म्हणून.
हो, टॅमसिन म्हणाली.
खाली सात इंच जागा सोडली आहे.
डेन्झिलने स्वतः टेपने मोजून घेतलीय.